अझरबैजानी: अरास नदीच्या दोन्ही काठांची भाषा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या पुण्यातील एका कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थांना आपल्या यंत्राची माहितीपुस्तिका अझरबैजानी भाषेत हवी आहे. तुर्की भाषांतर त्यांच्याकडे तयार आहे आणि ‘दोन्ही एकच, नाव तेवढे वेगळे’ असे त्यांना मध्यस्थाने सांगितले आहे. तीच पुस्तिका अझरबैजानची राजधानी बाकूप्रमाणे इराणमधील तबरीझलाही पाठवता येईल का, आणि कार्यालयातील एखाद्या तरुणाने ही भाषा शिकायची म्हटले तर ती कितपत जड जाईल, असेही त्यांनी विचारले आहे. मी गेली अठरा वर्षे तुर्की आणि अझरबैजानीतून अनुवाद करते व दुभाषी म्हणूनही काम करते, आणि यांतला प्रत्येक प्रश्न मला या ना त्या रूपात अनेकदा विचारला गेला आहे. उत्तर असे की तुर्की मजकूर चालणार नाही, एकच पुस्तिका दोन्हीकडे चालणार नाही, आणि मराठी माणसाला ही भाषा त्याला वाटते त्याहून पुष्कळ सोपी जाते. या तिन्हींची कारणे मात्र ती भाषा कुठे आणि कशी बोलली जाते यात दडलेली असल्यामुळे आधी भूगोलाकडे वळते.

अझरबैजान नावाचा देश आहे, तेव्हा अझरबैजानी ही त्या देशाची भाषा, असे आपण सहज गृहीत धरतो. ते खरे आहे, पण अर्धेच. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील या प्रजासत्ताकाची लोकसंख्या २०१९मध्ये एक कोटीच्या पुढे गेली आणि तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अझरबैजानी आहेत. उरलेल्यांत लेझगी, तालिश, अवार, तात असे लहान समाज आहेत; त्यांच्या घरी वेगळी भाषा असली तरी बाजारात आणि कचेरीत अझरबैजानीच चालते. नखचिवान हा या देशाचा तुकडा मुख्य भूमीपासून तुटलेला आहे, मधे आर्मेनिया येतो. तिथेही भाषा हीच.

परंतु या भाषेचे बहुसंख्य भाषक देशाच्या सीमेबाहेर, अरास नदीच्या दक्षिणेला, इराणमध्ये राहतात. पूर्व अझरबैजान, पश्चिम अझरबैजान, अर्दबील आणि झंजान हे इराणचे चार प्रांत तिचे मुख्य घर होत. तबरीझ हे त्यांतले सर्वांत मोठे शहर. पश्चिम अझरबैजानमध्ये तिच्याबरोबर कुर्दीही मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. याशिवाय हमदान आणि कझवीन प्रांतांचे काही भाग आहेत, आणि तेहरान व करज या शहरांत पिढ्यान्पिढ्या येऊन वसलेली लाखो कुटुंबे आहेत. तेहरानच्या बाजारात ही भाषा कानावर न पडता दिवस जाणे कठीण. इराणची जनगणना मातृभाषा विचारत नाही, त्यामुळे तिथल्या भाषकांची संख्या सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या पुढेपर्यंत सांगितली जाते आणि आकडा सांगणाऱ्याचे राजकारण त्यात हमखास डोकावते. माझा स्वतःचा नियम असा, की कोणी इराणचा नेमका आकडा छातीठोकपणे सांगू लागला की त्याच्या बाकीच्या माहितीकडेही थोडे जपून पाहावे.

बाकीचे प्रदेश भरभर सांगते. जॉर्जियाच्या दक्षिणेला मार्नेउली, बोलनिसी, गार्दाबानी या भागांत अझरबैजानी गावे सलग पसरलेली आहेत. २०१४च्या जनगणनेत तिथे सुमारे २ लाख ३३ हजार अझरबैजानी नोंदले गेले. रशियातील दागेस्तानमध्ये देरबेंट शहर आणि त्याच्या आसपास ही भाषा जुनी आहे आणि तिथल्या मान्य भाषांपैकी ती एक आहे. तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला कार्स आणि इगदीर भागांतील अनेकांची घरची बोली तुर्कीपेक्षा अझरबैजानीला जवळची आहे. इराकमध्ये किरकुक आणि तल अफारच्या तुर्कमानांची बोलीही तिच्या जवळ जाते, मात्र ते लिहितात तुर्कस्तानच्या तुर्कीत. आर्मेनियात १९८८पर्यंत अझरबैजानी गावे होती. संघर्षानंतर ती रिकामी झाली, जशी अझरबैजानमधली आर्मेनियन वस्तीही संपली.

मग एक भाषा दोन देशांत कशी विभागली गेली? खरे तर भाषा होती तिथेच होती, सीमा तिच्या मधून गेली. रशिया आणि इराण यांच्यात दोन युद्धे झाली आणि १८१३चा गुलिस्तानचा तह व १८२८चा तुर्कमानचायचा तह यांनी अरासच्या उत्तरेचा मुलूख रशियाकडे गेला, दक्षिणेचा इराणकडे राहिला. नकाशावर कॅस्पियन किनाऱ्याचे अस्तारा हे गाव पाहावे: तिथल्या लहान नदीच्या एका काठाला अझरबैजानचे अस्तारा, दुसऱ्या काठाला इराणचे अस्तारा. नाव एक, बोली एक, आणि दुकानांच्या पाट्या मात्र दोन वेगळ्या लिप्यांत. वर नखचिवानच्या हद्दीवर जुल्फाचेही तसेच आहे.

या तहांपूर्वीचे साहित्य पाहिले तर आजची सीमा किती नवी आहे ते कळते. नसिमी या कवीला सुमारे १४१७मध्ये हलब, म्हणजे आजच्या सिरियातील अलेप्पो, इथे ठार मारण्यात आले. फुझुलीचे आयुष्य इराकात गेले आणि त्याने अरबी, फारसी आणि ही भाषा अशा तिन्हींत लिहिले. सफवी घराण्याचा संस्थापक शाह इस्माईल हा इराणचा बादशहा, पण ‘खताई’ या नावाने कविता करताना त्याने ही तुर्की भाषा निवडली. १५१४मध्ये चाल्दिरानच्या रणांगणावर ज्या उस्मानी सुलतानाने त्याचा पराभव केला, तो सलीम मात्र फारसीत कविता करी. इराणचा राजा तुर्कीत आणि तुर्कांचा सुलतान फारसीत, ही गंमत विद्यार्थ्यांना सांगितली की भाषा आणि राष्ट्र यांची जोडी आपोआप लागत नाही, हे त्यांना माझ्या व्याख्यानावाचूनच समजते. दख्खनशीही या भाषेचा एक धागा जुळलेला आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा हमदानकडून आलेला, कारा कोयुनलू या तुर्कमान घराण्याच्या वंशातला. त्याच घराण्यातला आणि तबरीझहून राज्य करणारा जहानशाह ‘हकीकी’ या नावाने याच भाषेत काव्यरचना करीत असे.

नावाचाही गोंधळ आहे, आणि तो व्यवहारात आडवा येतो. बाकूमध्ये भाषेचे अधिकृत नाव ‘अझरबैजान दिली’ असे आहे. ‘दिल’ म्हणजे तिथे जीभ आणि भाषा, हृदय नव्हे. पण १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथेही तिला तुर्की असेच म्हणत. सोव्हिएत सत्तेने नाव बदलले, स्वातंत्र्यानंतर १९९२मध्ये पुन्हा ‘तुर्क भाषा’ असे करण्यात आले आणि १९९५च्या राज्यघटनेने ‘अझरबैजानी’ हे नाव कायम केले. तबरीझमध्ये मात्र आजही सामान्य माणूस आपल्या भाषेला सरळ ‘तुर्की’ म्हणतो आणि तुर्कस्तानच्या भाषेला ‘इस्तंबुली’. म्हणजे आपल्या मध्यस्थाने तबरीझच्या व्यापाऱ्याला ‘तुर्की चालेल का’ असे विचारले असेल, तर त्याने प्रामाणिकपणे ‘चालेल’ म्हटले असणार, आणि दोघांच्या मनातल्या भाषा वेगळ्या असणार. ‘आझरी’ हे सुटसुटीत नाव बरेच लोक वापरतात. परंतु त्या प्रदेशात तुर्की भाषा रुजण्यापूर्वी जी इराणी कुळातली भाषा होती तिलाही अभ्यासक आझरीच म्हणतात, म्हणून लेखी कामात मी ते टाळते.

आता लिपीकडे येऊ, कारण पुस्तिकेचे खरे दुखणे तिथे आहे. एका शतकात या भाषेच्या उत्तरेकडच्या भाषकांनी तीन लिप्या पाहिल्या. पूर्वापार अरबी लिपी होती. तिच्यात स्वर पुरेसे दाखवता येत नाहीत, आणि या भाषेचा तर सगळा डोलारा नऊ स्वरांवर उभा. म्हणून नाटककार मिर्झा फताली आखुंदोव यांनी १८५७मध्येच लिपी सुधारण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यावर कृती व्हायला सत्तर वर्षे लागली. १९२९च्या आरंभापासून रोमन लिपी सक्तीची झाली, १९४०पासून तिची जागा सिरिलिकने घेतली, आणि सोव्हिएत संघ कोसळताच २५ डिसेंबर १९९१ला पुन्हा रोमन लिपीचा कायदा झाला. तरी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे पुढची दहा वर्षे दोन्ही लिप्यांत रेंगाळत राहिली, तेव्हा १ ऑगस्ट २००१ ही तारीख ठरवून सिरिलिक पूर्ण बंद करण्यात आली. बाकूच्या एका घरी मला पणजोबांचे अरबी लिपीतले पत्र दाखवण्यात आले होते. आजोबा सिरिलिक पुस्तके वाचणारे, नात रोमनमध्ये शिकलेली, आणि पत्र वाचता येईल असे घरात कोणीच नव्हते. आपल्याकडे आजोळच्या पेटीतले मोडी कागद कोणालाच वाचता येत नाहीत, तसेच. फरक इतकाच की त्यांच्याकडे हे दोनदा झाले. इराणमध्ये मात्र अरबी-फारसी लिपी अखंड चालू राहिली, आणि दागेस्तानात सिरिलिक अजून टिकून आहे. (लिप्यांच्या या गर्दीत देवनागरीही आहे. बाकूजवळच्या सुराखानीच्या अग्निमंदिरात भारतीय व्यापाऱ्यांनी कोरलेले लेख आहेत, त्यांतला एक गणेशवंदनेने सुरू होतो आणि त्यावर संवत १८०२ म्हणजे इसवी सन १७४५ आहे. ते व्यापारी मुख्यतः मुलतान, सिंध आणि पंजाबकडचे होते. त्यांना मराठी ठरवण्याचा मोह आवरावा.)

आजच्या रोमन वर्णमालेत ३२ अक्षरे आहेत. त्यांतले एक अक्षर जगातल्या बऱ्याच छापखान्यांना अजून धड माहीत नाही. रोमन लिपीतले लहान ‘ई’ उलटे करून ठेवावे तसे ते दिसते आणि त्याचा उच्चार आपल्या ‘बॅट’मधल्या ‘ॲ’सारखा होतो. हा स्वर भाषेत इतका वारंवार येतो, की १९९१च्या कायद्यात त्यासाठी डोक्यावर दोन टिंबे असलेले अक्षर ठरवले होते, पण प्रत्येक शब्दावर टिंबे देत बसणे जाचक वाटून वर्षभरातच हे उलटे अक्षर परत आणले गेले. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णालयासाठी छापायच्या पत्रकाचा अनुवाद केला होता. छापखान्याच्या टंकात हे अक्षर नव्हते, तेव्हा जुळारीने कोणाला न विचारता सगळीकडे साधे ‘आ’चे अक्षर टाकले. अझरबैजानीत ‘हॅकिम’ म्हणजे डॉक्टर आणि ‘हाकिम’ म्हणजे न्यायाधीश. त्रास वाढल्यास ताबडतोब न्यायाधीशांचा सल्ला घ्या, असे सांगणारी पत्रके गठ्ठ्याने तयार झाली आणि ती सगळी रद्दीत गेली. तेव्हापासून छपाईपूर्व प्रत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काम पुरे झाले असे म्हणत नाही. दुसरा सापळा ‘इ’चा आहे. या वर्णमालेत टिंब असलेला आणि टिंब नसलेला असे दोन वेगळे ‘इ’ आहेत आणि मोठ्या अक्षरांतही हा फरक राखावा लागतो. संगणकाला मजकुराची भाषा नीट सांगितली नाही तर मथळे मोठ्या अक्षरांत करताना तो टिंबे खाऊन टाकतो.

तुर्की भाषांतर का चालणार नाही, याचे उत्तर ‘समजणार नाही’ असे नाही. बाकूतला माणूस तुर्की दूरचित्रवाणी पाहत वाढलेला असतो आणि त्याला तुर्की बहुतेक समजते. उलट तुर्कस्तानच्या माणसाला अझरबैजानी तितकी सहज समजत नाही. दोन्ही भाषा तुर्की कुळाच्या ओगुझ शाखेतल्या, व्याकरणाची चौकट एकच, तरी तपशील पदोपदी वेगळे. ‘मी येतो आहे’ हे तुर्कीत ‘गेलियोरुम’, अझरबैजानीत ‘ग्यॅलिरॅम’. अडचण होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी. ‘सुबाय’ म्हणजे तुर्कीत लष्करी अधिकारी, अझरबैजानीत अविवाहित पुरुष. तुर्कीतला ‘केंत’ म्हणजे शहर, अझरबैजानीतला ‘कॅंद’ म्हणजे खेडे. ‘दानिशमाक’ तुर्कीत सल्ला घेणे आणि अझरबैजानीत नुसते बोलणे, म्हणजे ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ या तुर्की वाक्याचा बाकूत ‘डॉक्टरांशी बोला’ एवढाच अर्थ उरतो. ‘बेकार’ हा शब्द तर आपल्याही ओळखीचा: तुर्कस्तानात बेकार म्हणजे लग्न न झालेला, बाकूत बेकार म्हणजे कामधंदा नसलेला, अगदी आपल्यासारखाच. यंत्राच्या पुस्तिकेत अशी गफलत जीवघेणी ठरेलच असे नाही. परंतु वाचणाऱ्या परिचारिकेला पहिल्या पानावरच कळते की कंपनीने तिच्या भाषेची तसदी घेतलेली नाही, आणि मग सुरक्षिततेच्या सूचनाही ती तितक्याच आस्थेने वाचते.

उत्तर आणि दक्षिण यांच्यात व्याकरणाचा फरक थोडा आहे, शब्दांचा पुष्कळ. दोन शतके उत्तरेने रशियनमधून शब्द घेतले आणि दक्षिणेने फारसीतून. विद्यापीठाला बाकूत ‘उनिवर्सितेत’ आणि तबरीझमध्ये ‘दानिशगाह’; रुग्णालयाला बाकूत ‘खॅस्तॅखाना’, तबरीझमध्ये बहुधा फारसीतले ‘बीमारिस्तान’. औषधाच्या दुकानाचे उदाहरण मराठी माणसाने एकदा ऐकले की तो विसरत नाही. इस्तंबूलमध्ये त्याला ‘एज्झाने’ म्हणतात, बाकूत रशियनवरून ‘आप्तेक’, आणि तबरीझमध्ये ‘दारूखाना’. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे येता येता ती तोफेत आणि मग पेल्यात गेली, आणि मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात तर शेवटी जहाजे मोडली जाऊ लागली. तबरीझच्या उच्चाराचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे ‘च’ आणि ‘ज’ हे आपल्या ‘चमचा’ आणि ‘जहाज’ या शब्दांतल्यासारखे होतात, त्यामुळे चहाला ‘चाय’ म्हणताना चमच्यातला ‘च’ ऐकू येतो. हिंदी भाषकांना हा उच्चार साधायला वेळ लागतो, मराठी जिभेला तो जन्मतः येतो.

इराणमध्ये या भाषेचे स्थान काय, हे आपल्या निर्णयासाठी महत्त्वाचे आहे. इराणच्या राज्यघटनेचे १५वे कलम फारसीला अधिकृत भाषा ठरवते आणि स्थानिक भाषांना वृत्तपत्रांत व त्यांचे साहित्य शाळेत शिकवण्यास मुभा देते. प्रत्यक्षात शाळेचे माध्यम फारसीच आहे. १९४५-४६मध्ये तबरीझला सोव्हिएत पाठिंब्यावरचे पिशेवरी यांचे स्वायत्त सरकार होते तेव्हा एक वर्षभर ही भाषा कारभारात आणि शाळांत आली, आणि डिसेंबर १९४६मध्ये सरकार पडले तशी ती गेलीही. परिणाम असा, की तबरीझचा सुशिक्षित माणूस घरी, बाजारात, दवाखान्यात दिवसभर ही भाषा बोलतो, पण लिहिताना आणि वाचताना फारसीकडे वळतो, कारण आपली भाषा लिहायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते. तरीही याच शहराच्या शहरियार या कवीने, ज्याच्या स्मृतिदिनी इराणमध्ये राष्ट्रीय काव्यदिन पाळला जातो, हैदरबाबा नावाच्या आपल्या गावाकडच्या डोंगराला उद्देशून मातृभाषेत दीर्घकविता लिहिली आणि ती नदीच्या दोन्ही काठांवर लोकांना पाठ आहे. बाकूत मी ती एका टॅक्सीचालकाच्या तोंडून ऐकली. त्याने आयुष्यात तबरीझ पाहिलेले नव्हते.

आता शिकण्याचा प्रश्न. मराठी माणसाने या भाषेचे पहिले पान उघडले की त्याला शब्द अनोळखी वाटतात, पण वाक्य ओळखीचे वाटते. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच. शब्दाच्या मागे प्रत्यय चिकटवत जाण्याची सवयही आपलीच, फक्त ती इथे अधिक शिस्तीची: ‘एव’ म्हणजे घर, ‘एवलॅर’ म्हणजे घरे, ‘एवलॅरदॅ’ म्हणजे घरांत. शब्दातला स्वर जाड असेल तर प्रत्ययाचा स्वरही जाड होतो, म्हणून डोंगर ‘दाग़’ आणि डोंगरांत ‘दाग़लारदा’. एवढा स्वरमेळ कानात बसला की निम्मे काम झाले. लिंगभेद मुळीच नाही. तो, ती, ते या तिघांना एकच ‘ओ’. आपल्या तीन लिंगांनी हैराण झालेल्या परभाषकांना हे सांगू नये, ते निघून जातील.

काही जागी तर मराठीतून थेट उडी मारता येते, इंग्रजीतून जाणाऱ्याला मात्र वळसा पडतो. ‘एवॅ गेदिब चाय इच्दिम’ म्हणजे ‘घरी जाऊन चहा प्यायलो’. आपल्या ‘जाऊन’च्या जागी ‘गेदिब’, दुसरे काही करावे लागत नाही. ‘मॅनिम एविम वार’ म्हणजे ‘माझे घर आहे’; ‘माझ्यापाशी असणे’ यासाठी वेगळे क्रियापद त्यांच्याकडेही नाही. ऐकीव गोष्ट सांगताना आपण शेवटी ‘म्हणे’ जोडतो, ते ‘इमिश’ जोडतात: ‘एवदॅ इमिश’, म्हणजे ‘घरी होता म्हणे’. इंग्रजीत शिकवणारे शिक्षक यासाठी दोन पाने खर्च करतात. आणि माझा सर्वांत आवडता मुद्दा पाहुणचाराचा. बाकूच्या पहिल्याच भेटीत यजमानीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘चाय-माय?’ आणि मला भाषांतराची गरजच पडली नाही. आपण चहा-बिहा म्हणतो, पुस्तक-बिस्तक म्हणतो. ते चाय-माय, किताब-मिताब म्हणतात. ‘ब’च्या जागी ‘म’, बाकी आव तोच. हा शब्दप्रयोग पुस्तिकेत अर्थातच येणार नाही, पण जो तरुण शिकणार आहे त्याला हा पहिल्या दिवशी सांगावा.

शब्दसंग्रहात फारसी-अरबीचा सामाईक ठेवा मोठा आहे: बाजार, दुकान, मैदान, शहर, जवाब, साबण, दुनिया, दोस्त, दुश्मन हे थोड्या उच्चारभेदाने तिथेही रोजचे शब्द आहेत. आपल्या तोफची, मशालची यांतला ‘ची’ मूळचा तुर्कीच, आणि तिथे तो अजून जिवंत असून रोज नवे शब्द घडवतो: चहावाला ‘चायची’, लोहार ‘दॅमिर्ची’. पण ओळखीचे तोंड पाहून फसू नये. ‘पुल’ म्हणजे पैसे, ‘हावा’ म्हणजे हवामान, ‘बाबा’ म्हणजे आजोबा, ‘दायी’ म्हणजे मामा, आणि ‘चाय’ हा शब्द चहाचा तसाच नदीचाही आहे. फारसीत ‘खस्ता’ म्हणजे थकलेला, आपल्याकडे खस्ता हालत म्हणजे दैन्य, अझरबैजानीत ‘खॅस्तॅ’ म्हणजे रुग्ण. आपल्या पुस्तिकेत हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर येईल.

वारांची नावे तर वेगळी घोकावीत. रविवार ‘बाझार’, सोमवार ‘बाझार एर्तॅसी’ म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा, इथवर ठीक. पुढे मंगळवारला ‘चॅर्शॅंबॅ आख्शामी’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ ‘बुधवारची संध्याकाळ’. सूर्यास्ताला दिवस बदलतो अशा जुन्या गणनेत मंगळवारची सांज ही बुधवारचीच असे, आणि नाव पुढे सबंध दिवसाला चिकटले. पहिल्या वर्षी मी एका बैठकीला बुधवारी सायंकाळी मोठ्या तयारीनिशी पोहोचले; बैठक आदल्या दिवशी सकाळी माझ्यावाचून पार पडली होती. पहारेकऱ्याने मला आत बसवून चहा दिला, हा त्याचा मोठेपणा. उपकरणाच्या देखभालीचे वेळापत्रक पुस्तिकेत वारांनिशी देणार असाल तर हे ध्यानात असू द्यावे.

संबोधनाविषयीही एक सूचना. अनोळखी व्यक्तीला ‘सिझ’, म्हणजे आदरार्थी आपण, घरच्यांना ‘सॅन’. बाकूत पुरुषाच्या नावापुढे ‘मुअल्लिम’ लावतात, शब्दशः शिक्षक, पण तो आपल्या ‘साहेब’सारखा कोणाही मान्यवराला चालतो, मग तो अभियंता असो की खात्याचा प्रमुख. स्त्रियांच्या नावापुढे ‘खानिम’. नुसत्या आडनावाने पत्र लिहिलेले कोरडे वाटते. पुस्तिकेतल्या सूचना सर्वत्र ‘सिझ’ धरून कराव्यात. तुर्की मजकुरावरून घाईने फिरवलेल्या भाषांतरात अर्धी वाक्ये एका रूपात आणि अर्धी दुसऱ्या रूपात राहतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा प्रत्यक्षात असे करावे. बाकूसाठी उत्तरेची अझरबैजानी, रोमन लिपीत, मूळ इंग्रजी मजकुरावरून नव्याने करून घ्यावी. तुर्की भाषांतर अनुवादकाला संदर्भ म्हणूनही देऊ नये, कारण त्यातले शब्द नकळत उतरतात. जॉर्जियातील मार्नेउलीकडे कधी गरज पडली तर तीच प्रत चालेल, मात्र तिच्याबरोबर सरकारी भाषा म्हणून जॉर्जियनही द्यावी लागेल. देरबेंटला रशियन पुरेल. तबरीझसाठी छापील पुस्तिका फारसीत द्यावी, कारण तिथला डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोघेही वाचतात फारसीत. परंतु यंत्र वापरून दाखवणारी चित्रफीत करणार असाल तर तिचे निवेदन तबरीझच्या माणसाकडून तिथल्या भाषेत करून घ्यावे, बाकूच्या आवाजात नव्हे. अनुवादक नेमताना तो ‘अझरबैजानी जाणतो का’ एवढेच न विचारता कोणत्या काठाची आणि कोणत्या लिपीत, हे विचारावे. छापखान्याकडून आलेल्या पहिल्या प्रतीत ‘हॅकिम’ हा शब्द शोधावा. तो बरोबर उमटला असेल तर बाकीची अक्षरेही बहुधा जागेवर असतात.